कापलेले श्वास

३ ऑगस्ट
काम मिळालं! ताईचं अर्धं राहिलेलं पुस्तक मीच वाचायचं. इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ आणि उगम, मराठीतून — ऐकायचं पुस्तक. दम्यानं तिला नेलं, आणि राहिलं नेमकं कुठलं प्रकरण? श्वासाचं! थट्टाच की ही.

रेकॉर्डिंगवाले म्हणाले, "आवाज अगदी मोठ्या बाईंसारखा." रेकॉर्ड झालेल्या वाक्यांमधले श्वास तेच कापतात. ताई त्यांना कात्रीदादा म्हणायची.

४ ऑगस्ट
दादांना विचारलं, ताईचा एखादा श्वास राहिलाय का कुठे? "एकही नाही," अभिमानानं म्हणाले. "काम चोख असतं आपलं." असा राग आला! तिचे शब्द सगळे आहेत, ती कुठेच नाही. घरी येऊन रडले.

५ ऑगस्ट
'आपला श्वास आपली लापशी फुंकायला ठेव' — म्हणजे फुकटची बडबड करू नकोस. जुना आहे म्हणे. ताई मला जन्मभर हेच सांगत आली, लापशी वगळून!

६ ऑगस्ट
'दबल्या श्वासानं' वाट बघणं — उत्सुकतेनं, धाकधूक होत. यातला 'दबला' सांगणारा जुना इंग्रजी शब्द, 'बेटेड', बाकी बोलण्यातून केव्हाच गेला. श्वासाच्या सोबतीनं तेवढा टिकलाय. वाचताना मध्येच थांबले. पुन्हा वाचावं लागलं.

७ ऑगस्ट
'मानेवर श्वास सोडणं' — कुणी अगदी पाठीशी येऊन ठेपणं. शर्यतीतून आलं म्हणतात, खात्री नाही.

दादांनी कालचं ऐकवलं. माझे श्वास सगळे कापलेले. तरी प्रत्येक वाक्याच्या आधी कुणीतरी श्वास घेतंय! "हा तुमचा नाही," दादा म्हणाले. पुढचं वाचन नीट झालंच नाही.

८ ऑगस्ट
उलगडा झाला. श्वास कापला की तिथली पोकळी कानाला खटकते. म्हणून दादा तिथे खोलीची शांतता भरतात — कुणीही न बोलता रेकॉर्ड करून ठेवलेली. "मोठ्या बाई आत बसलेल्या असताना घेतली असणार. चुकलंच माझं. बदलतो."

मी त्यांचा हातच धरला. बदलू नका! फाईल मोबाइलवर घेतली. ताई सापडली मला.

९ ऑगस्ट
दुपारभर ऐकली. तीच ती — आधी जरा थांबणार, मग सावकाश आत घेणार. पण किती मोकळा! ना धाप, ना घरघर. दुखणं वाढायच्या आधीची असेल. आज पोटभर जेवले.

१० ऑगस्ट
दादांचा फोन. आवाज पडलेला. "धाकट्या बाई, फाईलची तारीख बघितली. तुम्ही कामाला यायच्या आदल्या दिवशीची आहे. मी बाहेर होतो. आत कुणी नव्हतं." ताईला जाऊन तेव्हा महिना उलटला होता.

"पुसून टाकू?"

नको म्हटलं. बरं वाटतंय तिला आता.