अण्णांच्या हातचं टमाट्याचं सार

माय, अण्णा स्वयंपाक करू लागलेत. तुला खोटंच वाटेल. तू होतीस तोवर त्या माणसाला पाण्याचा तांब्यासुद्धा बसल्या जागी लागायचा. माझा हात मोडलाय, प्लास्टरमध्ये आहे, म्हणून आरामाला नांदेडहून कुरुंद्याला आलेय. नाहीतर आल्या आल्या पदर मीच खोचते. आणि परवा बघते तर अण्णा परसातले टमाटे, तू भेदरं म्हणायचीस तेच, गॅसवर भाजत उभे. साली काढल्या, पळीनं घोटलं, गाळलं. इथपर्यंत मी म्हटलं, मोबाईलवर बघितलं असेल. पण मग ते हळदीचं ओलं पान घेतात, त्याची गाठ मारतात आणि उकळत्या सारात सोडतात. ही पानाची गाठ अख्ख्या गावात फक्त तुझी. ती पाहिलेली बाई एकच, भिंतीपलीकडची मावशी, आणि तिलाही एकटं पडून आता बरीच वर्षं झालीत.

“अण्णा, कोणी शिकवलं हे?”

“कोण शिकवणार? येतं की,” म्हणाले आणि पाठ फिरवली. आता पाठ काहून फिरवायची, सांग.

तेव्हापासून मी नजर ठेवून आहे. मावशी भिंतीवरून कोथिंबीर देते. अण्णांचा सदरा इस्त्रीचा असतो, दाढी रोजच्या रोज. तुझ्या जागी कोणाला बसवलं तर ह्या घरात माझं काय उरणार, एवढंच डोक्यात. घास गोड लागेना. शेवटी मावशीलाच आडून आडून विचारलं, तर ती पोट धरून हसली. “माझ्याकडून शिकतेत व्हय? तुझा बाप टमाटे मागितले तर पिकलेले ठेवून हिरवे देतो, बाई.” मला तिचं हसणंही खरं वाटलं नाही.

काल मग अण्णांना समोर बसवून सरळ विचारलं.

“तुझ्या मायनं शिकवलं. शेवटच्या आजारात. बाज सैपाकघराच्या दारात टाकायला लावली अन् तिथून हुकूम. बिघडलं की सांडून पुन्हा करायला लावायची. म्हणली, मी गेल्यावर पोरगी माहेरी आली तर तिला कोण करून घालंल?”

“मग इतकी वर्षं काहून न्हाई केलं?”

“तू करू दिलंस व्हय? आलीस की पातेलं तुझ्याच हातात.”

मला आठवतं, मी चुलीपाशी आले की तू हाकलायचीस. “काहून आलीस? जा, पुस्तक घे. तुला नौकरी करायचीय.” नौकरी केली, माय. पण पान कधी टाकायचं, कधी काढायचं, हे मला आजही येत नाही. माझ्या हातचं सार तुझ्यासारखं कधी झालंच नाही, आणि अण्णांचं तर तंतोतंत तुझं.

हे धाडायची काही सोय नाही, म्हणून लिहून टाकते. शिकवणारी मावशी निघाली असती तर भांडून मोकळी झाले असते. तुझ्याशी कसं भांडू? काल वाटी पुढं ठेवून अण्णा माझ्या तोंडाकडे बघत बसले, कसं झालंय म्हणून. मी म्हटलं, मीठ कमी पडलंय. कमी नव्हतं.