पावण्यांपुरती चाल

आबा,

तुमच्या माघारी किती वर्षं गेली, महाराजही गेले, माझा राग मात्र आहे तिथंच आहे. म्हातारपणी नातीकडनं अक्षरं शिकले, ती पहिली तुमच्यावरच खर्च करते.

माझी डावी टाच जन्मापासून जमिनीला टेकत नव्हती. आई म्हणायची, नशीब. महाराजांच्या राज्यात तालमीला मान होता आणि तुम्ही तालमीचे वस्ताद, मोडलेले पैलवान उभे करणारे. नशीबबिशीब तुम्ही मानलं नाही. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून कुस्तीच्या हौदातली तांबडी माती पोत्यात भरून परसात आणलीत. सकाळी पोटरीला कोमट तेल चोळायचं, पाऊल हळूहळू वर दाबून धरायचं, मग त्या भुसभुशीत मातीत मला उभी करायची. मी बोंबलते. "रडून घे, पन टाच टेक," तुम्ही म्हणता, आणि तुमचा अंगठा काही पोटरीवरून हलत नाही. पुढं टाच टेकली. गल्लीतल्या पोरींबरोबर मी रंकाळ्यापर्यंत चालत गेले! वाटलं, आपल्या बापासारखा बाप नाही.

मग पावणे बघायला येणार असं ठरलं. पोरीला चालून दाखवावं लागतं. तेव्हापासून तुम्ही एकच घोटून घेतलंत: चुलीपासून सोप्यातल्या पाटापर्यंत, लुगडं सांभाळत, सरळ. पावणे म्हणाले, "चाल झ्याक हाय की पोरीची!" टाचेबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही. सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी परसात गेले, तर तुम्ही माती पोत्यात भरत होता.

"आबा, तेल?"

"आता कशाला? ठरलं न्हवं तुजं."

ठरलं म्हणे! म्हणजे तो पाय माझ्यासाठी नव्हताच. सासरी पोटरी पुन्हा आखडली, टाच उचलली. सासू म्हणायची, "लंगडी गळ्यात बांधली की आमच्या!" ते ऐकायला तुम्ही नव्हता, मी होते.

आता शेजारच्या बाया अशी पोरं माझ्याकडं आणतात. तेल, माती, सगळं तुमचंच. पोर चाललं की आई खूश होऊन उठायला लागते, तेव्हा मी खेकसते, "बस खाली! चालाय लागलं म्हंजे संपलं न्हाय. पोर वाढतंय तवर पोटरी ताणायचीच." हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मी मानणार नाही.

हा कागद चुलीतच जाईल. पण एक सांगते. त्या दिवशी चालताना मी पावण्यांकडं बघितलंच नाही. तुम्ही हसताय का, तेवढंच बघत होते.