भातकुलीच्या जीपची व्यवस्था

अमरावती, दि. १९ नोव्हेंबर २०२५

वर्षभर भातकुलीला फिरकले नाही, भाऊ बंडूचा फोनही उचलला नाही. त्याबद्दल आधी माफी मागते, मग बाकीचं.

मी, गीतांजली भगवंतराव गावंडे, वय ४५, नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. दबाव भीतीचा आहे, पण तो कायद्यात धरत नसावेत. परवा अकोल्याला माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, साधी शस्त्रक्रिया आहे. ते बोलत असताना मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

१. राहता फ्लॅट बंडूच्या मुलीला, भाची आकांक्षाला द्यावा. तिनं तो विकावा किंवा भाड्यानं द्यावा, बापाला विचारत बसू नये.

२. भातकुलीच्या वावरातला माझा हिस्सा बंडूचा. कसतो तो, मी नुसती सातबाऱ्यावर आहे. बाबूजींचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, गाडीचे पाने आणि जॅकही त्याचेच, पण वापरून झाल्यावर पुसून ठेवावेत. तो पुसत नाही.

३. जीप. मी आधी चालवायला शिकले म्हणून बाबूजींनी ती माझ्या नावे केली. बंडूनं ते अजून मनात धरलं आहे. असते त्याच्याकडेच, कापूस वेचणाऱ्या बायांना तो तिच्यातून वावरात नेतो. ती त्यालाच द्यावी, पण एका अटीवर.

ऑपरेशनआधी वावर पाहून यावं म्हणून काल मी गेले आणि बायांबरोबर जीपमध्ये बसले. नाल्याच्या पुलाची चढण लागली. बंडूनं रेस दिली, इंजिन ओरडलं, जीप मात्र जागेवर. मग ती मागे जाऊ लागली. मागे नाला. वेचणीची मुकादम मैनाबाई हिनं खाली उडी मारून चाकाखाली दगड सारला. तो दगड ती मांडीवर घेऊनच बसली होती.

"हे रोजचंच आहे का?" मी तिला विचारलं.

"रोज नाही वं ताई. बाया जास्त भरल्या तरच मांगं येते."

बंडू हसत उतरला. "कायले भेऊन राहिली? बाबूजी काय करत होते? मूठभर माती टाकली का क्लच धरते. आपली काळी माती हाय, चिकटली का सोडत नाही."

आणि क्लचच्या डब्याच्या भोकातून त्यानं बांधावरची माती आत फेकली.

मला समजतं तेवढं लिहिते. चुकत असेन तर गाडीच्या मिस्त्रीनं दुरुस्त करावं. बाबूजी कोरडी राख टाकत, तीही मिस्त्रीपर्यंत पोचण्यापुरती. काळी माती तेलात भिजली की तिचा लोण्यासारखा चिखल होतो आणि क्लचची प्लेट आणखी घसरते. संध्याकाळी मी हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच सावकाश सोडून पाहिला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते चालूच राहिलं. पेडलला हवी तेवढी ढील आहे, म्हणजे नुसतं पेडल जुळवून भागणार नाही. डब्याखाली इंजिनचं तेल ठिबकतं, म्हणजे तेल अडवणारं सील गेलं आहे.

अट अशी: गिअरबॉक्स उतरवून आधी सील बदलावं, मग प्लेट, नाहीतर नवी प्लेटही तेलात भिजेल. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील तपासून घ्यावं. तोवर जीपमध्ये एकही बाई बसवू नये.

सही करण्याआधी हे मी उज्माला वाचून दाखवलं. ती ग्रंथालयात माझ्याबरोबर काम करते.

"हे लागू कधी होते?" तिनं विचारलं.

"मी गेल्यावर."

"अन् बाया कधी बसतात?"

"उद्या सकाळी."

तिनं चष्मा काढून पुसला.

काल बंडूच्या तोंडावर मला नाही म्हणता आलं नाही. तो चिडला तर परवा दवाखान्यात माझ्याजवळ कोण बसेल, एवढंच डोक्यात होतं. म्हणून हे इथे लिहिलं, मेल्यावर वाचायला. कलम ३ मधली अट मी खोडत आहे. जीप बंडूला, विनाअट.

लिहून देणार: गीतांजली भ. गावंडे

समक्ष साक्षीदार:
१. उज्मा परवीन शेख
२. खुशालराव वानखडे, शेजारी

उद्या: बाया जमायच्या आत भातकुलीला पोचून जीपची किल्ली बंडूकडून घेणे.