पाण्याचं टेबल

२३ सप्टें. १९८४, रवि.
ठरलं. दहा हजार मीटर पुरे, आता मॅरेथॉन. ट्रॅकवर कालची पोरं मागे टाकतात, एकतिशीत दुसरं काय करणार? सदाही येतोय. बायकोचा, लक्ष्मीचा, धाकटा भाऊ, पण पळताना माझी सावली. देशाच्या संघात निवड एकाचीच होणार, तरी येतोय.

१४ ऑक्टो.
आज सराव: आमच्या लॉंग माउंटन गावापासून प्लेन दे पपाय गावापर्यंत आणि परत. ऊस कापून झालाय, रस्त्यावर सावली म्हणून नाही. ट्रॅकचीच रीत ठेवलीय: एक मैल त्याने पुढे, एक मी. पुढच्याने मागे बघायचं नाही. सदाने शर्यतीच्या वाटेवरच्या पाण्याच्या टेबलांचं विचारलं. म्हटलं, दहा हजारात कधी प्यायलो होतो? टेबलापाशी रेंगाळला की लय गेली. पटलं त्याला. माझं सगळंच पटतं.

१८ नोव्हें., रवि.
निवडीची चाचणी. मी पहिला. सदा हॉस्पिटलात. बाकी उद्या लिहीन.

१९ नोव्हें.
विसाव्या मैलाला त्याचे पाय वाकडे पडायला लागले, मग आडवाच झाला. मी थांबलो नाही. वाटलं, उठेल. लोकांनी उचलला.

२० नोव्हें.
लघवी कोऱ्या चहासारखी, तीही थेंबभर. डॉक्टर म्हणाले किडनी, एवढ्या उन्हात पाण्यावाचून पळाला म्हणून. लक्ष्मीने विचारलं, मी तरी प्यायलो होतो का. नाही म्हटलं.
इथे तरी खरं लिहू दे. तीन टेबलांवर प्यायलो. तिन्ही वेळा सदा पुढे होता. पहिल्यांदा हात आपोआप गेला. पुढच्या दोनदा नाही. हाक मारता आली असती. मारली नाही, कारण निवड एकाचीच

२३ नोव्हें.
पत्र आलं. माझी निवड. लक्ष्मीने देवापुढे ठेवलं आणि रडत बसली. लाज वाटते.

२५ नोव्हें., रवि.
सदाचं तोंड सुजलंय. लघवी बंदच. तरी हसला. म्हणाला, "भावजी, तुमी पन थेंब न्हाय घेतला, तरी पोचलात. मीच फेब." दुबळा म्हणवतोय स्वतःला. "बरा झालो की परत शिकवा. पुढल्या खेपेला पानी इचारनार पन न्हाय."
पाय चेपत बसलो त्याचे. लक्ष्मी समोरच होती.
घरी आल्यावर तिला म्हटलं, उद्या हॉस्पिटलात मी एकटाच जातो. का, म्हणाली. तिच्यासमोर सदाला त्या तीन टेबलांचं सांगता येणार नाही. अजून दारात उभी आहे.