सावकाश होऊ द्या

मी, मुरियल गारसाइड, कै. क्लिफर्ड गारसाइड यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, सध्या राहणार १९, वीव्हर टेरेस, टॉडमॉर्डन, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वहस्ताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तसे नाही, पण कायद्याला त्याची गरज लागत नाही, असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र क्लिफर्ड हयात असताना केले होते, ते मी रद्द करते.

वकील श्री. एंटविसल यांनी कच्चा मसुदा वाचून त्यातले शेरे गाळायला सांगितले. मी नाही म्हटले. अठरा महिने मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागले आहे, आता एवढे माझ्या मनासारखे होऊ द्या.

कलम १. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी श्री. एंटविसल यांनाच नेमते. माझ्या दिराचा मुलगा डेस्मंड याला नेमू नये. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम २. वीव्हर टेरेसवरचे घर. हे घर मी मागल्या वर्षी जानेवारीत बेथनी आणि जो सग्डन या तरुण जोडप्याला विकायचे कबूल केले. ते मला पैसे देणार, त्या पैशांत मी सिलॉथला समुद्राकाठी टायसन दांपत्याचा बंगला घेणार, टायसन विग्टनला श्री. आर्नल्ड पिकथॉल यांचे घर घेणार आणि पिकथॉल वृद्धांसाठीच्या सदनिकेत जाणार. अशी आमची चार घरांची साखळी आहे. करारांची अदलाबदल सगळ्यांची एकाच दिवशी व्हायची, आणि तोवर कोणी कोणाला बांधील नाही. हे मी डेस्मंडसाठी लिहिते, कारण त्याला तीनदा सांगूनही कळलेले नाही.

अदलाबदलीआधी मी मेले तर साखळी तुटते, असे वकिलांनी सांगितले. सांगताना त्यांनी चष्मा पुसला. म्हणून मी लिहून ठेवते की माझ्या मृत्यूनंतर सग्डन जोडप्याला हे घर पूर्वी ठरलेल्याच किमतीला विकत घेण्याचा पहिला हक्क राहील. त्यांनी बंगल्यासाठी, टायसनांसाठी किंवा आणखी कोणासाठी थांबायचे नाही. त्यांच्या कर्जाचे मंजुरीपत्र दोनदा जुने झाले. मूल जूनमध्ये जन्मले. ते तिघे बेथनीच्या आईच्या बैठकीच्या खोलीत झोपतात. मी जिवंत राहण्यापेक्षा मेल्यावर त्यांना घर लवकर मिळेल, हे मला दिसते आहे. बेथनी फोनवर एकदाही आवाज चढवून बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

न्हाणीघराच्या दाराची कडी वर उचलून लावावी लागते. मागच्या अंगणातली रुबार्बची भाजी त्यांची.

कलम ३. सिलॉथचा बंगला माझा नाही, म्हणून तो मी कोणाला देऊ शकत नाही. त्याच्या खिडक्यांचे माप मात्र माझ्याजवळ आहे आणि पडदेही शिवून तयार आहेत. पडदे ज्याला हवे त्याने घ्यावेत. कोणाच्या खिडकीला बसतील असे वाटत नाही.

कलम ४. खोकी. सामान हलवायची पहिली तारीख मागल्या वर्षीची पंचवीस मार्च ठरली होती. मी वेळेवर काम करणारी बाई. वीस मार्चपर्यंत माझी एकोणचाळीस खोकी बांधून, क्रमांक घालून, चिकटपट्टी लावून तयार होती. कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादीही मी नीट केली. ती यादी कुठल्यातरी खोक्यातच बांधली गेली आहे. त्यानंतर तारीख पाच वेळा पुढे गेली. आधी टायसनांच्या सांडपाण्याच्या नळाचा वाद, मग कचेरीतले हरवलेले कागद, मग विग्टन. दर वेळी मला वाटायचे, आता काय पंधरा दिवसांचा प्रश्न, कशाला सोडायचे. अठरा महिने मी एक पातेले, एक ताटली आणि दोन चमचे यांवर काढले. हिवाळ्यातला कोट अजून सापडलेला नाही.

तेव्हा खोकी न उघडता वाटावीत. क्रमांक १ ते १२ प्रार्थनामंदिराच्या जुन्या सामानाच्या विक्रीला. १३ ते ३० माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी गिलियन, हिला. बाकीची शेजारी हॅरल्ड क्रॅबट्री सांगेल तशी टाकून द्यावीत. त्याला यातून काहीही द्यायचे नाही, कारण त्याला साक्षीला बसायचे आहे आणि साक्षीदाराला काही मिळालेले कायद्याला चालत नाही.

कलम ५. एका खोक्यात, बहुधा तिसाच्या आतल्या, हिरव्या काचेचा टेबलावरचा दिवा आहे. तो शोधावा आणि माझी बहीण विनिफ्रेड ब्लेमायर हिला द्यावा.

विनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सिलॉथला एका धर्मादाय संस्थेच्या छोट्या घरात ती एकटी राहते. तिची नजर गेली आहे, फक्त उजेड तेवढा कळतो. टायसनांचा बंगला तिच्या घराच्या बरोबर समोर, मधे फक्त रस्ता. मी तिथे गेले की रोज संध्याकाळी सहाला खिडकीत तो दिवा लावायचा, म्हणजे विनीला कळेल की मी घरात आहे आणि चहाला येते आहे, असे आमचे ठरले होते. तिच्या घरात मी राहू शकत नाही. संस्थेचा नियम, घरात एकच माणूस, पाहुणे वर्षाला सात रात्री. यंदाच्या सात रात्री मी फेब्रुवारीत संपवल्या.

कलम ६. डेस्मंड गारसाइड. वकील म्हणाले होते की तुम्ही सग्डनांना घर देऊन टाका, तात्पुरते कुठेतरी राहा, म्हणजे निदान साखळीतले खालचे, म्हणजे सग्डन, मोकळे होतील. मी डेस्मंडला फोन केला. त्याचे हॅलिफॅक्सला चार खोल्यांचे घर आहे. मी मागच्या छोट्या खोलीबद्दल विचारले, दोन महिन्यांसाठी.

"काकू, तुम्हाला नाही कसं म्हणू?" तो म्हणाला. "पण आत्ता ना, जरा बरोबर नाही होणार. त्या खोलीत व्यायामाची सायकल आहे."

"सायकल हलत नाही का रे?"

"नाही ना. एकाच जागी असते ती."

क्लिफर्डची अॅल्युमिनियमची शिडी डेस्मंडने सात वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली आहे. ती मी त्याला देते. आणखी काही नाही.

कलम ७. भिंतीवर लावायचे हवामानाचे घड्याळ, म्हणजे बॅरोमीटर, श्रीमती एडना हॉइल यांना परत करावे. मी जाणार म्हणून मागल्या मार्चमध्ये प्रार्थनामंदिरातल्या बायकांनी मला निरोपाचा चहा दिला, वर्गणी काढून हे घड्याळ दिले, आल्याचा केक केला. एडनाने भाषण केले आणि रडली. तीन आठवड्यांनी मी तिला बटाटे घेताना भेटले.

"अगं बाई! तू अजून इथेच?"

त्या दिवसापासून मी बाजाराला बसने हेब्डन ब्रिजला जाते. रविवारी प्रार्थनेलाही गेले नाही, कारण निरोप घेऊन झाल्यावर त्याच बाकावर परत बसायचे कसे? चाळीस वर्षे मी त्या मंदिरात फुले लावली. हे दुखणे मी कोणाला सांगितले नाही, इथे सांगते. घड्याळाचा काटा कायम 'बदलते' यावर आहे. एडनाने ते दुकानात दाखवून घ्यावे.

दारात 'विकले, करार बाकी' अशी एजंटची पाटी आहे. तिच्यावर वेल चढला आहे. ती एजंटला द्यावी. तो दर मंगळवारी फोन करून सांगतो, "मिसेस गारसाइड, हालचाल आहे!"

कलम ८. माझी हत्यारे: रफूच्या सुया बावीस, गाठी काढायचे चिमटे दोन, खडू. ही बांधलेली नाहीत, उशाशी आहेत. मी सव्वीस वर्षे लोकरीच्या गिरणीत रफूचे काम केले. अख्खा तागा टेबलावरून ओढत बोटे फिरवायची, तुटलेला धागा बोटाला लागतोच, मग तो भरायचा. ही हत्यारे बेथनी सग्डनला द्यावीत. तिला रफू येत नाही, पण लहान मुलाच्या घरात शिकावे लागते.

कलम ९. हे कलम विनीला वाचून दाखवू नये.

एप्रिलमध्ये गिलियनचा फोन आला. ती कार्लाइलला असते, कामाला जाते, वाईट मुलगी नाही. म्हणाली, "मावशी, आई परवा गॅस चालू ठेवून झोपली. मी अजून किती दिवस घोर लावून घेऊ? तू सप्टेंबरअखेर समोर राहायला आलीस, तर ती तिच्या घरात राहील. नाहीतर मला तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. नाव घालून ठेवलंय मी."

आमच्याकडे साखळीतली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. मी एजंटला विचारायचे, त्याने दुसऱ्या एजंटला, त्याने वकिलाला. मी महिनाभर तसेच केले. मग मला वाटले, तागा एवढा समोर पडला आहे, बोट फिरवून बघायला काय हरकत आहे? टायसनबाईंनी फेब्रुवारीत बोलता बोलता विग्टनच्या घराचा पत्ता सांगितला होता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तीन गाड्या बदलून तिथे गेले. काय बोलायचे ते गाडीत पाठ केले होते. चांगले खरमरीत होते.

श्री. पिकथॉल नव्वदीचे आहेत. त्यांनी मला आत बसवले, चहा केला, आल्याची बिस्किटे बशीत मांडली. सही न केलेला करार घड्याळामागे खोचलेला होता, कोपरा दिसत होता. त्यांची पत्नी आयरीन आश्रमात आहे आणि कोणालाच ओळखत नाही. दर रविवारी ते तिला जेवायला घरी आणतात.

"तिकडे ती मला डॉक्टर समजते," ते म्हणाले. "इथे दारातून आत आली, की कोट खुंटीला लावते आणि विचारते, आर्नल्ड, बटाटे उकडलेस का? नवीन जागेत तिला खुंटी सापडायची नाही."

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ विचारले.

"माझ्यामुळे कुणाचं अडलंय का हो, मिसेस गारसाइड? खरं सांगा."

आणि मी म्हणाले, "छे, छे! अजिबात नाही. तुमचं सावकाश होऊ द्या."

मला दया आली म्हणून मी असे म्हणाले, असे इथे लिहिणार होते. ते खोटे आहे. दया नंतर आली, परतीच्या गाडीत. ते शब्द तोंडातून सवयीने निघाले. कोणी पायावर पाय दिला तरी आपणच माफी मागायची, कोणी विचारले तर काही हरकत नाही म्हणायचे, असेच आम्हाला आईने वाढवले. मी कापडातला धागा शोधायला गेले आणि माझ्याच हाताने तो सोडून आले.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी मला उरलेली बिस्किटे कागदात बांधून दिली. पुढल्या मंगळवारी एजंटचा फोन: "वरचे गृहस्थ वकिलांना कळवतात की खाली कुणालाच घाई नाही, त्यांनी स्वतः खात्री करून घेतलीय. छान ना, ताण गेला!"

त्यानंतर मी पिकथॉलना तीन पत्रे लिहिली. विनीबद्दल सगळे लिहिले. तिन्ही चहाच्या डब्यात आहेत. पत्र पेटीत टाकायला निघाले की मला ती कोटाची खुंटी दिसते. पत्रे जाळावीत. पिकथॉलना काही कळवू नये.

कलम १०. खर्च जाऊन जे उरेल ते विनीच्या देखभालीला, तिच्यामागे गिलियनला.

कलम ११. माझे दफन क्लिफर्डशेजारी करावे. ती जागा आम्ही एकदमच घेतली होती. तिथे जाण्यासाठी आधी कोणी बाहेर पडायची गरज नाही.

इथवर काल लिहून झाले. आज सही करायची होती, पण एक दुरुस्ती आहे.

काल सहाला विनीचा नेहमीचा फोन आला. सोमवारी गिलियन तिला आश्रमात नेणार. तिची पेटी भरून झाली आहे, एकच पेटी. आश्रम कार्लाइलच्या पलीकडे आहे. अदलाबदल झालीच तर मी आता तिच्या रिकाम्या घरासमोर राहायला जाईन, आणि नको म्हणाले तर टायसन अडतील, सग्डन अडतील.

मी म्हणाले, "विनी, माझ्यामुळे झालं गं हे."

"वेडी आहेस का? तुझ्यामुळे कशाने?" विनी म्हणाली. "तू उगाच धावपळ करू नकोस, मुरियल. माझं काही अडलेलं नाही. तुझं सावकाश होऊ दे."

आमच्या घरात हे वाक्य कधी म्हणतात, ते मला माहीत आहे. फोन ठेवताना ती म्हणाली की मघाशी तिला समोर उजेड दिसल्यासारखा वाटला. टायसनांनी पडवीतला दिवा लावला असेल.

म्हणून कलम ९ च्या डोक्यावरची ओळ मी खोडली आहे आणि समासात सही केली आहे. ते कलम गिलियनने विनीला पूर्ण, मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकून ती म्हणेल, "काही हरकत नाही." त्यावर विश्वास ठेवू नये.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. दोन्ही साक्षीदार खोक्यांवर बसले असता त्यांच्यासमोर मी, आणि माझ्यासमोर त्यांनी, सही केली.

मुरियल गारसाइड
(सही)

साक्षीदार :
१. हॅरल्ड क्रॅबट्री, निवृत्त बसचालक, २१, वीव्हर टेरेस (सही)
२. जोसेफिन अॅक्रॉइड, परिचारिका, टॉडमॉर्डन (सही)

ठिकाण : १९, वीव्हर टेरेस, अजूनही
दिनांक : २८ सप्टेंबर २०२३, गुरुवार