आपणहून बोलायचं नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून काकाशी आपणहून बोलायचं नाही. तो बोलला तर एका शब्दात उत्तर. नजर पुस्तकात. आठ दिवस. मग खुलासा.

सामाजिक वर्तनाच्या प्रात्यक्षिकासाठी वकिलाने हे काढलं. वकील म्हणजे आमच्या गटाचा म्होरक्या. मेसमध्ये चहा गार आला तरी उलटतपासणी घेतो. जवळच्या माणसाने एकाएकी बोलणं टाकलं की समोरचा काय करतो, ते टिपायचं. काका माझ्या खोलीत राहतो, शिकतो संख्याशास्त्र, आमच्या वर्गात नाही. म्हणून सोयीचा. वय माझ्याएवढंच, पण ज्याला त्याला ‘जेवलास का’ विचारत हिंडतो, म्हणून काका.

मी हो म्हटलं. तेव्हा गटातला सदा डुलक्या घेणारा पेंगुळ्या बाकावर सरकला, मला जागा झाली. दीड वर्षात त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा बसलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी काका न्हाव्याची गोष्ट सांगत होता. न्हाव्याने त्याचं अर्धं डोकं कापलं आणि सासऱ्याचा फोन आला म्हणून दुकानाबाहेर पडला. हा आपला आरशासमोर बसलेला, अर्धा साहेब, अर्धा साधू. मी ‘हं’ म्हटलं. काकाने गोष्ट तिथेच सोडली. मग टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

न्हावी परत आला का, हे विचारता येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गटाची बैठक. तिथे काकाला काका म्हणायचं नाही, ‘नमुना’ म्हणायचं. पेंगुळ्या म्हणाला, तसा तो आहेच नमुना. हसलो सगळे. मी जरा जास्तच.

मी निरीक्षणं वाचली. ‘नमुन्याने दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा घसा खाकरला, बोलला नाही.’ वकील म्हणाला, लेका, लिहितोस झकास. जिना उतरेपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं. खोलीचं दार उघडलं आणि गेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

खुर्चीवर टाकलेल्या माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण आज लावलेलं होतं. दोरा निळा, शर्ट पांढरा. काका पाठ करून गणितं सोडवत होता. आभार मानणं म्हणजे आपणहून बोलणं. मानले नाहीत.

पहिल्या वर्षी आलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. मेसमध्ये ताट घेऊन उभं राहिलं की भोवळ यायची. कुठे बसायचं कळायचं नाही. मग मी जेवायला जाणंच सोडलं. काकाने काही विचारलं नाही. मेसवाल्याशी भांडून दोन ताटं खोलीवर आणायला लागला. म्हणाला, मला तिथल्या पंख्याची भीती वाटते रे, कधी डोक्यात पडेल. पुढे हळूहळू मला खाली नेलं. पंखा तसाच करकरत होता. त्याखालीच बसला.

संध्याकाळी वही मिटून माझ्याकडे वळला.

“तुला काही सांगायचंय का?”

“नाही.”

“बघ हं बाळा.”

“नाही.”

त्याने टेबलावरचा दिवा माझ्या पुस्तकाकडे वळवला. निरीक्षणांत हे लिहिलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तोही बोलला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वकील खूश. नमुन्याच्या बोलण्याचा आलेख काय सुरेख उतरतोय म्हणाला. मी म्हटलं, आता सांगून टाकू या का त्याला? तर म्हणाला, एका दिवसासाठी सगळं मातीत घालणार का? गटात राहायचं की नाही ते ठरव. पेंगुळ्या टेबलावर डोकं टेकून होता, पण झोपला नव्हता. मी निरीक्षणांची वही पुढे केली.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. पहिले दोन दिवस जड गेले. आता जात नाहीत. काल काका आत आला आणि मी खरोखरच वाचत होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संपला प्रयोग. जिने धावत चढलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं — आधी न्हाव्याचं विचारायचं, मग हसायचं, मग सांगायचं.

त्याची खाट रिकामी. गादी गुंडाळलेली. भिंतीवरचं वेळापत्रकही काढून नेलेलं. चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे राहिले.

रेक्टर म्हणाले, त्याने स्वतः खोली बदलून मागितली. तुझं वाचन वाढलंय, तुला एकांत हवा, म्हणून. “मित्र असावा तर असा,” म्हणाले वर.

मेसमध्ये गाठला. म्हटलं, काका, तो प्रयोग होता रे. प्रात्यक्षिकासाठी. मनात काही नव्हतं. त्याने घास संपवला.

“मार्क आहेत का त्याला?”

“वीस.”

“मिळतील.”

टोमणा नव्हता. मी न्हाव्याचं विचारलं. आला परत, म्हणाला. एवढंच. मी विचारीन तेवढ्याचंच उत्तर. मग ताट उचलून गेला. जेवलास का — नाही विचारलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी वर्गात आमचा अहवाल वाचून दाखवला. निरीक्षणं बारीक आहेत म्हणाल्या. नंतर विचारलं, त्या मुलाची संमती घेतली होती? वकील म्हणाला, हो मॅडम, सगळं झाल्यावर घेतली. मी खाली बघितलं. काकाला कुणीच काही विचारलेलं नाही.

वीसपैकी अठरा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

त्याच्या नव्या खोलीवर गेलो. दार उघडं. नवीन मुलाला काहीतरी सांगत होता, हात वर-खाली करून. तो मुलगा पोट धरून हसत होता. मला बघून दोघे थांबले. ‘काही हवंय का,’ काकाने विचारलं. मी पट्टी मागितली. दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चहा पिताना वकील सहज म्हणाला, आधी प्रयोग तुझ्यावर करायचा होता. काकाला विचारलं होतं, आठ दिवस याच्याशी बोलू नकोस म्हणून. नाही म्हणाला तो. त्याला एकटं पाडू नका रे, म्हणाला, त्याला झेपत नाही.