गाळलेला रकाना

अण्णा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षे होऊन गेली आणि मी आता तुमच्या शेवटच्या वयाहून मोठी आहे. चाळीस वर्षे सोलापूरच्या न्यायालयात वकिली केली, तेव्हा आधी वस्तुस्थिती मांडते. गेले वर्षभर मला बरे वाटत नाही. सकाळी डोळा उघडताच मोबाइल हातात येतो, मी राजकारणाच्या बातम्या वाचते आणि चहा उकळण्याआधीच छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे होते. दुपारी टीव्हीवर चारजण एकाच वेळी बोलत असतात. मी एकेकाच्या विधानातली चूक मनात टिपत बसते. जेवणाला चव लागत नाही. डॉक्टरांनी हृदय तपासले. त्याला काहीही झालेले नाही. जे माझ्या हातात नाही त्यानेच माझा दिवस व्यापला आहे, हे मला कळते. कळल्याने ते थांबत मात्र नाही.

अशा वेळी आपल्या चाळीचा ओटा आठवतो. तुम्ही गिरणीची पहिली पाळी संपवून येता, केसांत कापसाचे तंतू अडकलेले असतात, हातपाय धुता आणि वर्तमानपत्र उघडता. वाचता न येणारी आठ-दहा माणसे समोर बसलेली असतात. तुमच्या पक्षाच्या पुढाऱ्याचे भाषण तुम्ही ज्या आवाजात वाचता, त्याच आवाजात, एक शब्दही न चावता, विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्याचेही वाचता. पलीकडच्या खोलीतले काका त्या दुसऱ्या पक्षाचे, गिरणीत तुमच्याच खात्यात मागावर काम करणारे. वाचन संपले की पेपर आईकडे फडताळात अंथरायला जातो, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आपल्या घरात राजकारण नसते.

मी बारा वर्षांची असताना तुमचा घसा बसला आणि वाचायला तुम्ही मला बसवलेत. निवडणूक आठवड्यावर आली होती. काकांच्या पुढाऱ्याच्या भाषणाचा रकाना मी सरळ गाळला आणि पुढच्या बातमीवर गेले. काका चपला पायात सरकवून उठून गेले. तुम्ही बसलेल्या आवाजात विचारलेत, “त्यांच्या मानसाचं का न्हाय वाचलंस?”

“तो खोटं बोलतो, अण्णा.”

“आसंल. पर ते त्यानं ऐकून ठरवायचं. तू कोन त्याचे कान झाकनारी? ऊठ, जा तिकडं.”

मी काकांच्या दारात उभी राहून तो सबंध रकाना वाचला. ते शेंगा फोडत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बापापरीस बरं वाचतीस की. बस, शेंगा खा.”

त्या निवडणुकीत तुमचा माणूस पडला. दोन दिवस तुम्ही कामापुरतेच बोललात. ओट्यावर वाचन झाले, पण नंतर पेपर मांडीवर तसाच उघडा घेऊन बसून राहिलात. तिसऱ्या दिवशी काका दारात आले.

“काय, यंदाबी पडलाच की.”

“पडलो. तू निवडून आलायस न्हवं? मग चल, नळाचं बघू.”

चाळीला चार-चार दिवस पाणी येत नव्हते. तुम्ही दोघे नगरपालिकेत गेलात आणि वाटेत भांडत होतात, हे वळणापर्यंत ऐकू येत होते. तेव्हा मला तो तुमचा मोठेपणा वाटला. आज वाटते, तो तुमचा उपाय होता: हाताला लागेल असे एक काम, आणि त्या कामाला सोबत नेमक्या त्याच माणसाची.

तुमचा धाकटा आता टेंभुर्णीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याचे मत माझ्या उलट पडते. मागच्या दिवाळीत त्याच्याकडे जेवताना तो काही बोलला आणि मी मुद्द्यामागून मुद्दा मांडत गेले. तासाभरात मी त्याचे एकही वाक्य पुरे होऊ दिले नाही. त्याची बायको हातात भाकरी घेऊन उभी होती. अखेर तो म्हणाला, “अक्का, जिंकलीस तू. हितं जज्ज न्हाय कुनी. जेव आता.” मी जेवले नाही. मिळेल त्या एसटीने परत आले. त्यानंतर त्याचा फोन नाही, आणि माझाही नाही. तुमचा नियम मी न्यायालयात पाळला, कारण तिथे समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावेच लागते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून हल्ली बातम्या दिवसातून एकदाच, संध्याकाळी, छापील पेपरात वाचते. छाती बरीच हलकी झाली आहे. मन झालेले नाही. म्हणजे सगळा दोष बातम्यांचा नव्हता, एवढा निष्कर्ष निघतो. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. ज्याला पाठवता येईल, त्याला लिहिणे जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आणखी एक सांगायचे राहिले. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारले, “मनातलं कुणाशी बोलता का?” मी तत्काळ उत्तर दिले, “हो, धाकट्या भावाशी. रोज.” त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते माझ्या कागदावर लिहून घेतले. मी ते खोडायला सांगितले नाही.